इंजिन उघडण्याआधी गाडीच्या खाली बघा

आजरा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देतो:

"आमची काजूची बाग डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात साधी गाडी तिथवर पोचत नाही, म्हणून उन्हाळ्यात महिंद्राची 2016 ची डिझेल थार, 2.5 लिटर सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिन), जुनी घेतली. आधी ती मालवणकडे होती. घेतली तेव्हा काही जाणवलं नाही, आता मात्र चार आवाज येतात. सकाळी चालू केल्यावर चार-पाच मिनिटं खणखण टक-टक होतं, मग कमी होतं. पन्नासच्या पुढे गेलं की गूंऽऽ असा घुमणारा आवाज येतो. क्लच दाबला तरी तो थांबत नाही. अंगणात गाडी वळवताना रिव्हर्सवरून पहिला गिअर टाकला की खालून ठक्कन वाजतं. आणि पाऊस लागला की मी आंबोलीच्या रस्त्यावर 4H (चारही चाकांना ओढ) लावते, तेव्हा वळणावर पुढून कट-कट होतं, गाडी धक्के देते, नंतर लिव्हर लवकर निघत नाही. मागचे दोन टायर विकणाऱ्याने नवे घालून दिले होते, पुढचे जुनेच आहेत. गावातले मिस्त्री म्हणतात इंजिन उघडावं लागेल, 80 हजार धरून चाला. घरचे म्हणतात, विकून टाक. मला गाडी आवडते, पण फसले की काय अशी धास्ती वाटते. काय करू?"

ताई, मिस्त्रींना इंजिन उघडू देऊ नका. निदान अजून तरी नाही. तुम्ही इतक्या बारकाईने लिहिलं आहे की चारपैकी तीन आवाजांचा इंजिनाशी संबंध नाही हे तुमच्या पत्रातूनच कळतं. चौथा इंजिनाचा आहे, पण त्यासाठीही आधी उघडायची नव्हे, ऐकायची आणि तपासायची गरज आहे.

गाडीतली फिरणारी यंत्रणा दोन भागांत वाटलेली असते. एक भाग इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फिरतो, दुसरा चाकांबरोबर. मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स. म्हणून कुठलाही आवाज आला की तो कसा आहे यापेक्षा तो कशाबरोबर वाढतो-घटतो हे आधी बघायचं. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर आवाज येत असेल, तर तो इंजिनाकडचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि धावताना येतो, तर चाकांकडचा. आणखी एक खात्रीची परीक्षा म्हणजे सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाला आधी पाचव्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवून बघणं. चौथ्यात इंजिन जोरात फिरतं, पण चाकांचा वेग तोच राहतो. आवाजाची पट्टी बदलली तर इंजिन, नाही बदलली तर चाकं, एक्सल, शाफ्ट यांपैकी काहीतरी. तुम्ही क्लच दाबून पाहिलात आणि गूंऽऽ चालूच राहिला, म्हणजे हीच परीक्षा तुम्ही न कळत केलीत. त्या आवाजातून इंजिन सुटलं.

आता सकाळची टक-टक. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा जातो आणि आपोआप पेट घेतो. फवारा जाणं आणि पेट घेणं यात क्षणभराचं अंतर असतं. इंजिन थंड असेल तर हे अंतर वाढतं, तेवढ्यात जास्त डिझेल साचतं आणि मग ते एकदम भडकतं. तीच ती खणखण. तुमच्यासारख्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच सामाईक, जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं, मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडून हा दणका सौम्य केलेला असतो, तरी जुनी गाडी आणि आजऱ्याची पावसाळी थंड सकाळ म्हटल्यावर थोडी खणखण राहणारच. ती गरम झाल्यावर विरते आणि विरायलाच हवी.

पण त्या खणखणीत दुसरं काही मिसळलंय का, ते ऐका. चालू केल्यावर पहिले दोन-चार सेकंदच खडखड होऊन थांबत असेल, तर रात्रभरात वरचं ऑइल खाली उतरलंय आणि ते पुन्हा वर चढेपर्यंत धातू कोरडा वाजतोय. अशा वेळी ऑइल फिल्टर चांगल्या दर्जाचा बदलून बघावा. हलक्या फिल्टरमधला ऑइल अडवणारा पडदा लवकर निकामी होतो. थंड असताना नेमाने टिक-टिक आणि गरम झाल्यावर बंद, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं) पॅकिंगही तपासून घ्या. तिथून गॅस निसटतो तेव्हा टॅपेटसारखाच आवाज येतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट बुजते. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसतो, त्यावरून ते पकडता येतं. चफ-चफ असा श्वास टाकल्यासारखा आवाज येत असेल आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखी काळी खरपुडी जमली असेल, तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलेला असतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर जागेवर असा घट्ट बसतो की नंतर काढताना मोठा खर्च होतो.

आणि जर आवाज गरम झाल्यावरही राहिला, एकाच ठिकाणाहून खिळा ठोकल्यासारखा येत राहिला, बरोबर धूर किंवा आयडलिंगला हादरा असला, तर इंजेक्टरचा संशय घ्यावा. त्यासाठी इंजिन उघडत नाहीत. स्कॅनर लावून कुठल्या सिलिंडरला इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेल कमी-जास्त करतोय ते बघतात, आणि प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल छोट्या बाटल्यांत धरून मोजतात. ज्याचं परतीचं डिझेल इतरांपेक्षा खूप जास्त, तो झिजलेला. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या डिझेलचं काम करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्ये हे होऊ शकतं, आणि त्याला इंजिन उघडण्याच्या मानाने किरकोळ पैसे पडतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या पंपाच्या डिझेल गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून ठोका शोधायचे. त्या गाड्यांवर ती पद्धत चालायची. कॉमन रेलवर ती कुणालाही करू देऊ नका. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो. या पाइपांत आयडलिंगलाच शेकडो बार दाब असतो आणि भार पडल्यावर तो हजाराच्या वर जातो. तो फवारा कातडीतून आत शिरतो. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि बोट किंवा हात काढायची वेळ येऊ शकते. इंजिन चालू असताना त्या पाइपांना पाना लागता कामा नये.

इंजिन खरोखर उघडायला लागतं, त्याची लक्षणं वेगळी असतात. खालून जड, बोजड धब-धब येते. ती थंडपणी कमी आणि तापल्यावर जास्त असते, आणि चढाला इंजिनावर भार पडला की वाढते. ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकतो. असं झालं तर जिथे असाल तिथे गाडी बंद करायची आणि टो करून न्यायची, "एवढा चढ तेवढा पार करू" म्हणायचं नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तुमचा आवाज तापल्यावर कमी होतो, म्हणूनच 80 हजारांचा अंदाज मला घाईचा वाटतो. मिस्त्रींची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही; थंड इंजिनाची खणखण ऐकली की अनुभवी माणसाचाही पहिला संशय बेअरिंगवर जातो. पण त्यांनी ती सकाळी ऐकली की तुम्ही गॅरेजपर्यंत चालवत नेल्यावर, हे विचारा. थंड गाडीचा आवाज दाखवायचा तर गाडी रात्री गॅरेजवरच ठेवावी लागते आणि सकाळी पहिला सेल्फ मिस्त्रींच्याच हातून व्हावा लागतो. तेवढं जमत नसेल तर बॉनेट उघडून, मोबाइल एका जागी धरून, सेल्फ मारल्यापासून पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा.

आता गूंऽऽ. इथे पहिला संशयित टायर आहे. जाड नक्षीचे, चिखलात चालणारे टायर डांबरावर घुमतात. जुने टायर एका बाजूने किंवा लाटांसारखे झिजले असतील तर साधी नक्षीसुद्धा घुमते. तळहात टायरवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर आवाजाचं मूळ तिथेच आहे. दुसरी खूण रस्ता देतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच राहिला तर बेअरिंग किंवा डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला, शाफ्टची ओढ दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा.

बेअरिंग कुठल्या बाजूचं ते वळणावर कळतं. लांब, सौम्य डाव्या वळणावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढली तर डाव्या बाजूचं. मग ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं. दुसरा हात पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) किंवा सस्पेन्शनच्या आर्मवर ठेवला की खरखर थेट हाताला लागते. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. फक्त आडवं हललं तर आधी स्टिअरिंगचे टाय रॉड बघा. हे काम करताना बाकीच्या चाकांना दगड लावलेले असू देत आणि चेसिसखाली लोखंडी स्टँड असू दे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

वळणाने फरक पडत नसेल, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने पडत असेल, तर डिफरन्शियलकडे वळायचं. दाबल्यावर रडणारा आणि सोडल्यावर गप्प होणारा, किंवा नेमका उलटा, असा आवाज क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या मुख्य दातेरी चाकांचा) किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती मालवणकडून आलेली आहे.

किनाऱ्यावरच्या गाडीचं असं असतं: वाळूतून जोर लावून चालल्यामुळे एक्सल तापलेले असतात, आणि तसंच चाक पाण्यात जातं. तापलेल्या हाउसिंगमधली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. एक्सलवर हवा ये-जा करायला टोपीसारखा छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला असेल तर हाउसिंग ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढून घेतं, तेही खारं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं होतं आणि दाते-बेअरिंग यांना वंगण देणं सोडतं. पहिली खूण हीच, घुमणारा आवाज.

म्हणून पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ओढ वाटणारी पेटी) या तिघांचं ऑइल काढून बघा, गिअरबॉक्सचंही. खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का, याची खात्री करून घ्यायला सांगा. गंजलेल्या गाडीत तो जाम असतो, आणि ऑइल निघून गेल्यावर भरायचं कुठून हा प्रश्न पडतो. ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लगदा असणारच, ती रोजची झीज आहे. बोटांना टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर मात्र ते डिफरन्शियल उघडावं लागेल. नवं ऑइल गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रेडचंच भरा. डिफरन्शियलचं ऑइल ट्रान्सफर केसला चालेलच असं नाही, ते वेगळं असू शकतं. ब्रीदर काढून डिझेलने धुवून, फुंकून साफ करून बसवायला दहा मिनिटं लागत नाहीत, पण सांगितल्याशिवाय तो कुणी काढत नाही.

अंगणातली ठक ही पुढे-मागे जाताना शाफ्टच्या सांध्यांतला ढिलेपणा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाण्याची आहे. थोडी ठक प्रत्येक जुन्या फोर-बाय-फोरमध्ये असते, कारण इंजिनाची ओढ चाकापर्यंत पोचायला इथे सांधे जास्त लागतात. ती किती आहे आणि कुठे आहे, एवढंच बघायचं. गाडी सपाट जागी, चारही चाकांना दगड, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, गिअर न्यूट्रलला. मग मिस्त्रींना मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलकडे ओढ नेणारा लांब दांडा) हाताने पीळ दिल्यासारखा मागे-पुढे फिरवायला सांगा. शाफ्टच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असतो, त्याच्या कपात हालचाल दिसता कामा नये. शाफ्ट आणि क्रॉस एकदम फिरतात, एक आधी आणि एक नंतर असं होत नाही. तसं झालं तर क्रॉस गेला. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस कधीच संपलंय आणि बेअरिंगच्या बारीक सुया घासल्या जातायत. हळू जाताना खालून चिंव-चिंव येत असेल तर तीही कोरड्या क्रॉसचीच हाक असते, आणि ती पुढे ठक होते, मग थरथर होते.

या आवाजाला मी थांबायला जागा देत नाही. धावत्या गाडीत क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली लोंबतो. तो ब्रेकचे पाइप फाडू शकतो, आणि पुढच्या बाजूने सुटला तर रस्त्यात रुतून मागून गाडी उचलू शकतो. घाटात ते व्हायला नको. क्रॉस बदलणं हे फोर-बाय-फोरच्या सगळ्या कामांत स्वस्तातलं काम आहे. क्रॉस शाबूत निघाले तर ग्रीस गन लावा आणि चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. एका कपातून आलं म्हणजे झालं, असं होत नाही. शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा खाचांचा भागही ग्रीसशिवाय अडतो आणि थांबून निघताना ठक करतो, त्यालाही ग्रीस मारा. पुढचा शाफ्ट विसरू नका. तो कमी वापरला जातो म्हणून त्याकडे कुणी बघत नाही, आणि म्हणूनच तो कोरडा राहतो.

शाफ्ट ठीक निघाला तर मागच्या पाट्यांचे शॅकल बुश आणि यू-बोल्ट बघा. एक्सल पाट्यावर सैल बसला असेल तर तोही गिअर टाकताना सरकून ठक करतो, आणि खड्ड्यात करकरतो.

आता 4H, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या गाडीत खरा बिघाड नसला तरी या सवयीने तो होईल.

थारमधली फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे. 4H लावलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते, दोन्ही सारख्याच फेऱ्यांनी फिरायला लागतात. सरळ रस्त्यावर हे चालतं. वळणावर पुढची चाकं बाहेरच्या, मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची आतल्या, छोट्या वर्तुळातून. पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं, पण फेऱ्या तेवढ्याच मिळतात. चिखलात किंवा सुट्या मातीत चाक जरासं घसरतं आणि तो फरक भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग फरक जातो कुठे? शाफ्टमध्ये, दात्यांमध्ये, सांध्यांमध्ये पीळ बनून साठतो. पीळ असह्य झाला की एखादं चाक उडी मारतं. तोच तुमचा धक्का. पीळ सुटलेला नसतो म्हणून लिव्हर जाम होतो. आंबोलीच्या घाटातल्या नागमोडी वळणांवर हे प्रत्येक वळणाला होतं. आणि ओला डांबरी रस्ता आपल्याला निसरडा वाटला तरी या यंत्रणेसाठी तो घट्ट पकडीचाच रस्ता आहे.

बागेच्या लाल मातीच्या वाटेला 4H जरूर लावा, त्यासाठीच गाडी घेतली आहे. डांबर सुरू झालं की काढा. ओल्या घाटात सुरक्षितता येते ती कमी वेग, चांगले टायर आणि उतारावर खालचा गिअर यांतून. लिव्हर अडकला तर जोर लावू नका. गाडी सरळ ठेवून काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ उलटा फिरून सुटतो आणि लिव्हर अलगद येतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक भर पडते, ती म्हणजे मागचे नवे आणि पुढचे जुने टायर. मूळ 235/70 आर 16 टायरचा घेर साधारण 2.3 मीटर. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या नक्षीत 5 मिलिमीटरचा फरक धरला तर घेरात सुमारे 31 मिलिमीटरचा फरक येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण किलोमीटरभरात पुढच्या आणि मागच्या चाकांत 13-14 मीटरचा फरक साठतो, तोही सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता. म्हणजे 4H मध्ये तुमची गाडी सतत स्वतःशी झटापट करते. चारही चाकांचा घेर दोऱ्याने मोजून बघा, हवा सारखी भरून. फरक निघाला तर दोन टायरांवर खर्च करा, मागच्यांशी जुळणाऱ्या त्याच कंपनीच्या, त्याच नक्षीच्या. विकणाऱ्याने दोनच टायर बदलले हे सेडान गाडीत चाललं असतं, इथे चालत नाही.

राहिली पुढची कट-कट. ती घट्ट वळणावर आणि फक्त 4H मध्ये येते असं तुम्ही लिहिलंय. टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या एक्सलवर इंजिनाची ओढ नसते, म्हणून सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ओढ पोचवणारा सांधा) झिजलेला असला तरी तेव्हा बोलत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवून पुढच्या चाकांच्या मागे वाकून बघा. रबरी बूट फाटलेला, आणि आजूबाजूला चाकाच्या आतून ग्रीस उडालेलं दिसलं, तर जॉइंटमध्ये वाळू गेली आणि कट-कट त्याचीच. बूट शाबूत असतील तर टायर जुळवून, मोकळ्या मातीच्या मैदानात 4H लावून वळवून बघा. तिथे आवाज गेला तर तो नुसता पीळ होता. तिथेही आला तर जॉइंट. आणि मातीत, सरळ चढावर, 4H मध्ये जोर लावताना मधूनच ट्रान्सफर केसमधून कडाक् करून काहीतरी दाता सुटल्यासारखं झालं, तर आतली चेन ताणली आहे का ते बघावं लागेल. टायरांचा फरक मिटवल्याशिवाय या निष्कर्षाला येऊ नका, दोन्हींचा आवाज कानाला जवळजवळ सारखा लागतो.

एक आवाज तुम्ही लिहिला नाही, पण या पावसाळ्यात तो कधीतरी येईल, म्हणून आधीच सांगतो. 2015 मध्ये बदललेल्या थारमध्ये मागच्या डिफरन्शियलला आपोआप लॉक होण्याची सोय आली. मागचं एक चाक चिखलात भराभर फिरू लागलं की आतली यंत्रणा दोन्ही चाकं एकत्र बांधते, आणि त्या क्षणी मागून खट्ट असा दणदणीत आवाज येतो. काहीतरी तुटलं असं वाटून पाय काढू नका. तो यंत्रणा काम करत असल्याचा आवाज आहे. याच कारणाने एक काळजी घ्या. मागचं एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये चालवून आवाज शोधणं या गाडीवर करायचं नाही. उचललेलं चाक वेगाने फिरलं की डिफरन्शियल लॉक होईल, जमिनीवरचं चाक ओढ घेईल आणि गाडी जॅकवरून उडी मारेल. मिस्त्रींना हे माहीत असेलच असं धरून चालू नका, स्वतः सांगा.

बाकीचे किरकोळ आवाज म्हणजे सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा खणखणणं, खालच्या गार्डप्लेटचा सैल बोल्ट, ब्रेकच्या डिस्कमागे अडकलेला जांभ्याचा खडा. या गोष्टी मिस्त्री गाडीखाली एकदा गेले की दहा मिनिटांत मिटवतील. बेल्ट किंचाळत असेल तर त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. आवाज बदलला तर बेल्ट किंवा त्याचा ताण, नाही बदलला तर पुलीचं बेअरिंग. ओढणी, पदर, केस फिरत्या बेल्टपासून दूर ठेवा.

आता विकायची की ठेवायची. हे वरच्या कुठल्याच आवाजावरून ठरवू नका. टायर, क्रॉस, सीव्ही जॉइंट, बेअरिंग, सगळं बदलता येतं, आणि ही गाडी दुरुस्त करणारे हात आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतात. निर्णय चेसिसवर घ्या, आणि ती स्वतःहून काही सांगत नाही. किनाऱ्यावरची खारी वाळू चेसिसच्या पोकळ पट्ट्यांत आत बसते, ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. वरून काळा रंग मारलेला असला की गाडी नवी दिसते. छोटी हातोडी घ्या आणि चेसिसवर, विशेषतः मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे बसतात तिथे आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जोडांभोवती, अंतरा-अंतराने हलके ठोके द्या. निरोगी लोखंड ठण्ण वाजतं. जिथे आवाज भद्द येईल, रंगाचा पापुद्रा सुटेल, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर या गाडीवर पुढे एकही रुपया घालू नका, आणि त्यात मुलांना बसवू नका. घरच्यांचं म्हणणं त्या एका परिस्थितीत बरोबर ठरेल. सगळीकडे ठण्ण वाजलं, तर आत पाण्याची नळी घालून वाळू धुवून काढा, वाळल्यावर आतून गंजरोधक मेणासारखा फवारा मारून घ्या आणि गाडी निश्चिंत ठेवा.

क्रम असा धरा: आधी चेसिस ठोकून पाहा, त्याच दिवशी क्रॉस, मग सगळी ऑइलं आणि ब्रीदर, मग टायर. हे चार होईपर्यंत बागेपर्यंत हळू जायला हरकत नाही, पण आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे जाऊ नका. इंजेक्टरची तपासणी कोल्हापूरला काही कामाने जाल तेव्हा करा, तिला घाई नाही. आणि पांढऱ्या भांड्यातल्या ऑइलचा रंग मला कळवा. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ निघालं, तर गूंऽऽ टायरचाच आहे असं मानून थांबू नका, नवं ऑइल भरून दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा काढून बघा.